बेडगीला ठसका नसतो

तुर्भ्याच्या आमच्या खोलीत घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. ट्रक मागे घेताना वाजणारी पिपाणी सुरू झाली की मार्केटला माल यायला लागला, म्हणजे आईची उठायची वेळ. कंपनीचा भोंगा झाला की पप्पांची. पप्पा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, आणि तिच्याबरोबर आमच्या घराचं सगळं वेळापत्रक फिरायचं. नाईटच्या आठवड्यात दुपारभर पडदा ओढलेला असायचा, कुकरची शिट्टी उलथन्याने दाबून धरायची आणि कुणी शिंकलं तरी आई डोळे वटारायची. सेकंडच्या आठवड्यात पप्पा आल्याशिवाय कुणी जेवायचं नाही असा नियम होता, आणि तो मोडायला मला नेहमी परवानगी होती. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी हे आमचं रोजचं. येसर म्हणजे आईच्या गावाकडचा, बीडकडचा, भाजलेल्या धान्याचा मसाला. चिमूटभर टाकला तरी पाण्यासारखी आमटी दाट होते. आजही मी सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये तो करते. माझ्या मुलाला आवडत नाही. मला वाईट वाटतं.

आई मसाला मार्केटला मिरचीचे देठ काढायला जायची. मोठ्या ढिगाभोवती बायका बसतात, मिरची उचलायची, देठ खुडायचा, मिरची एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी ती घरी आली की तिच्याआधी तिचा वास आत यायचा. हाताला तेल चोळून, बेसनाने धुऊन झाल्याशिवाय तिला शिवायचं नाही, हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. आमच्याकडे येणारे पाहुणे उंबरठ्यावरच दोन-तीनदा शिंकायचे आणि मग आत यायचे. आम्हाला काही व्हायचं नाही. नाक मेलंय तुमचं, असं पप्पा म्हणायचे. त्यांचं नाक मात्र कंपनीत राहूनही शाबूत होतं.

अशा घरातून मी कॉलेजला गेले. आमच्या दोन्ही बाजूंच्या नात्यात माझ्याआधी कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे विचारायला कुणी नव्हतं. शाळेसारखं रोज जायचं आणि मागे बसायचं एवढं मी करत होते. वाशीचं कॉलेज होतं. तिथली बरीच मुलं सोसायट्यांतली. त्यांच्या बोलण्यात एक सैलपणा असायचा, सरांशी बोलतानाही. मी वाक्य आधी मनात तयार करायचे आणि ते तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. प्राची नावाची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिचे बाबा बँकेत होते. तिने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू एवढी शांत का असतेस?" आणि पुढच्याच आठवड्यात म्हणाली, "तू एवढी कशी बोलतेस गं आज?" दोन्ही खरं होतं. मला वाटतं माझ्याकडे असं बघून बोललेली ती पहिली.

ते कसं होतं हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. काही दिवस असे यायचे की मला जाग यायची ती पिपाणीच्याही आधी. डोकं स्वच्छ, पाय हलके. स्टेशनपर्यंत चालत जाताना टेम्पोवाल्याच्या गाण्यावर मीही गुणगुणायचे. त्या दिवसांत मी सगळ्यांना हो म्हणायचे. पथनाट्यात काम करशील? हो. गॅदरिंगच्या समितीत येशील? हो. प्राचीला अकाउंट्स शिकवीन म्हणाले, विहारात लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेईन म्हणाले, आईला म्हणाले की या उन्हाळ्यात घराला मीच रंग देणार. खोटं नव्हतं त्यात काही. त्या घडीला मला ते सगळं खरंच जमणार असायचं. आणि मग एका सकाळी उठायला जावं तर अंगावर कुणी ओली गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. ती हलत नसे, सरकत नसे. केस विंचरणं हे एक मोठं काम वाटायचं. ज्यांना हो म्हटलंय ते सगळे डोळ्यांसमोर रांगेत उभे राहायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

घरात याला नाव नव्हतं. आई म्हणायची उष्णता झालीय, आणि सब्जा भिजवायची. पप्पा म्हणायचे अभ्यासाचं टेन्शन आहे, होईल कमी. चार दिवसांत ते कमी व्हायचंही, त्यामुळे दोघांचंही बरोबर ठरायचं. पण दुसऱ्या सत्रात ते कमी झालं नाही. पथनाट्याच्या दिवशी मी गेलेच नाही. माझं मुख्य काम होतं, आणि मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून पडून राहिले. त्यानंतर त्या मुलांना तोंड कसं दाखवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी. गोधडी आता रात्रंदिवस अंगावर. भाकरी तोंडात फिरायची. पप्पा फर्स्टला गेले की मी कॉलेजला निघाल्यासारखी आवरायचे आणि आई बाहेर पडली की पुन्हा झोपायचे. हे आईला कळायला वेळ लागला नाही.  मार्केटहून येताना ती रोज काहीतरी आणायला लागली, कधी खारी, कधी चिकू, आणि माझ्या उशाशी ठेवायची. सकाळी तेच उचलून स्वतः खायची.

शेवटी मीच एक दिवस म्हणाले, "आई, मी कॉलेज सोडते. पॅकिंगला जाते."

बिस्किटांच्या पॅकिंगला आमच्या गल्लीतल्या दोन मुली जात होत्या. जागा रिकामी होती, सोमवारपासून ये असा तिथल्या बाईचा निरोपही आला. आई चूल पुसत होती, म्हणजे गॅसच, पण आम्ही चूल म्हणायचो. 

"पप्पाला सांगितलंस?"

"तू सांग."

"मी काय सांगू? तुला काय व्हायलंय हे मलाच समजंना."

त्याच संध्याकाळी प्राचीचा फोन आला. मी उचलणार नव्हते, आईने उचलून माझ्या कानाला लावला. प्राची एका दमात बोलली, "सुजाता, ऐक, कट करू नकोस. सोमवारी इंटर्नल आहे. मॅडम म्हणाल्यात की सुजाता नाही आली तर तिला टर्मला बसू देणार नाही. पथनाट्याचं कुणी काही बोलत नाहीये, मी केलं तुझं काम, वाईट केलं, सगळे हसले. तू फक्त ये." मी बरं म्हणून फोन ठेवला. म्हणजे एकाच सोमवारी दोन दारं होती, आणि मी मनातल्या मनात पॅकिंगच्या दाराशी जाऊन उभीसुद्धा राहिले होते. तिथे कुणाला हो म्हणायचं नव्हतं, कुणी काही विचारणार नव्हतं. मला तेव्हा ते फार सुखाचं वाटत होतं.

आता हिरामावशी. ती खाडीकाठच्या सारसोळ्याची कोळीण, आमच्या गल्लीत मासळी घेऊन यायची. पाटी रिकामी झाली की आमच्या दारात बसून चहा घ्यायची आणि मगच परत जायची. आईचं आणि तिचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं, एकीचं बीडचं, एकीचं खाडीचं, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. रविवारी ती आली, मला भिंतीकडे तोंड केलेली बघितली आणि पाटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "हिला नजर लागलीय. सोन्यासारखी पोर शिकाया जाते, लोकांच्या पोटात दुखनार नाय तं काय?"

"आमच्यात ते करत न्हाईत," आई म्हणाली, पण आवाज पडलेला होता. आम्ही बौद्ध. पप्पा विहारात पोरांना अंधश्रद्धेवर बोलायचे, गंडा-दोरा बांधलेला दिसला तर हसत हसत कात्रीच काढायचे. त्यांच्या घरात दृष्ट काढणं म्हणजे काय होईल ते आईला माहीत होतं.

"तुमच्यात करीत नाय, आमच्यात करतात. मी करते. तू फकस्त मिरच्या दे. तुझ्या घरात मिरच्यांना काय तोटा हाय?"

पप्पा त्या दिवशी ओटीला, म्हणजे ओव्हरटाइमला, थांबणार होते, रात्रीशिवाय यायचे नव्हते. आईने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डब्यात हात घातला. मी नको म्हणायला हवं होतं, पण नको म्हणायलाही जोर लागतो. हिरामावशीने मला उठवून बसवलं. मीठ, मोहरी आणि सात मिरच्या मुठीत धरून माझ्यावरून उतरवल्या, आल्यागेल्याची, शेजारपाजारची, कुणाकुणाची नावं घेतली, त्यात आमच्या घरमालकाचं नाव स्पष्ट ऐकू आलं, आणि सगळं तापलेल्या तव्यावर टाकलं. आता नियम असा की मिरची जळाल्यावर ठसका लागला तर नजर नाही, आणि ठसका लागला नाही तर नजर आहे. आम्ही तिघी मुद्दाम श्वास ओढत बसलो. तडतड झालं, धूर झाला, लाल मिरच्या काळ्या पडल्या. कुणाला काही झालं नाही.

"बघ!" हिरामावशी मांडीवर थाप मारून म्हणाली. "बोलले नव्हते? एवढी कडक नजर मी जल्मात पाहिली नाय. हिला आता पाच आयतवार उतरवावं लागंल."

आईचा चेहरा पांढरा पडला. मीही, शिकलेली मुलगी, आत कुठेतरी घाबरले. म्हणजे खरंच काहीतरी आहे, कुणीतरी केलंय, माझ्या हातात काही नाही. आणि मग आईने वाकून तव्यातली एक जळकी मिरची उचलली, उलटसुलट केली, डोळ्यांजवळ नेली. आयुष्य मिरच्यांत गेलेली बाई ती.

"अगं हिरा," ती म्हणाली, "ही तर बेडगी हाय."

"मंग?"

"मंग काय? बेडगी रंगाची असती. तिला ठसका कुठला? माझ्या हातानं चुकीचा डबा निघाला."

"मिरची ती मिरची," हिरामावशी म्हणाली, पण तिचा जोर गेला होता.

"न्हाई न्हाई. करायचं तर नीट करायचं." आता आईला चेव चढला. भीतीपेक्षा कामातली चूक तिला जास्त लागली असावी. तिने खालचा डबा काढला, त्यातून लवंगी काढली, ती बारकी, नखाएवढी, आणि सात मोजायच्या ऐवजी ओंजळ भरून घेतली. "उतरव पुन्हा."

हिरामावशीने उतरवली. आईनेच तव्यात टाकली. पुढे जे झालं त्याला ठसका हा शब्द पुरणार नाही. आमची मेलेली नाकं जिवंत झाली. मी खोकत दाराकडे धावले, हिरामावशी पाटीला अडखळून पडता पडता वाचली, आई एका हाताने तोंड धरून दुसऱ्या हाताने गॅसचं बटण शोधत होती. गल्लीत दारं उघडली. समोरच्या काकू ओरडल्या, "ओ सुजाताची आई, फवारणी करताय का काय? पोरं मेली ना इकडं!" आणि त्या धुरातून, रुमाल नाकाला लावून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत पप्पा आले. प्लांटमध्ये काहीतरी बंद पडलं म्हणून ओटी रद्द झाली होती.

"गॅस लीक!" ते दारातून ओरडले. "सगळे बाहेर! वाऱ्याच्या उलट्या बाजूला!" कंपनीतलं ट्रेनिंग होतं ते. आम्ही तिघी रांगेत बाहेर जाऊन उभ्या राहिलो. त्यांनी आत जाऊन खिडकी उघडली, तवा बघितला, मिठाचे खडे बघितले, आणि परत आले. आई त्यांच्या नजरेला नजर देईना.

"काय चाललं होतं?"

"ठसका बघत होतो," हिरामावशी म्हणाली.

"लागला का?"

यावर आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक पप्पाच, पण त्यांना खोकला आणि हसू एकदमच येत होतं. मग आई. मी हसले तेव्हा मला माझाच आवाज अनोळखी वाटला, पोटात दुखायला लागलं, आणि हसता हसता ते कधी रडण्यात गेलं तेही कळलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे माझं वेगळं दिसलं नाही.

"चला, नजर नाय हाय, ह्ये तं ठरलं," हिरामावशी पाटी उचलत म्हणाली. "मंग आता पोरीला इचारा काय झालंय त्ये."

धूर जाईपर्यंत आम्ही बाहेर ओट्यावरच बसलो. पप्पांनी विचारलं. मी सांगितलं. अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे करून सांगितलं. चांगल्या दिवसांचं सांगितलं, गोधडीचं सांगितलं, पॅकिंगचं पण सांगून टाकलं. आता ते रागावतील असं वाटलं. ते बूट काढायला लागले.

"म्हणजे तुझी शिफ्ट बदलते," ते म्हणाले.

"काय?"

"मला नाईट लागली की पहिले दोन-तीन दिवस काही सुचत नाही. जेवण गोड लागत नाही, तुझी आई पण आवडत नाही."

"कळतंय मला ते," आई म्हणाली.

"ऐक ना. पण नाईटला आम्ही काय करतो? मोठं काम काढत नाही. काही खोलायचं नाही, काही बदलायचं नाही. हजर राहायचं, जे चालू आहे ते चालू ठेवायचं, आणि सकाळी फर्स्टवाल्यांना सांगायचं. नाईटला कुणी प्लांट बंद करायचा निर्णय घेतो का? तू नाईटमध्ये बसून कॉलेज बंद करायला निघालीस."

"आणि चांगले दिवस असतात तेव्हा?"

"तेव्हा तर जास्त धोका. फर्स्टला माणूस फ्रेश असतो. सुपरवायझर विचारतो, ओटी करणार? आपण जोशात हो बोलतो. म्हणून मी आधी घरी फोन लावतो. तुझी आई नाही बोलते."

"मी नाहीच बोलते," आई म्हणाली. "एकदा हो बोलले होते, तर तिथंच झोपला हा माणूस."

मला तेव्हा हे फार साधं वाटलं, थोडं बाळबोधही. माझ्या आतल्या गोष्टीला कंपनीचे शब्द लागू होतील असं वाटत नव्हतं. पण पहिल्यांदाच त्या गोष्टीला घरात नाव मिळालं होतं, आणि ज्याला नाव आहे त्याच्याबद्दल विचारता येतं. त्यानंतर आमच्याकडे सकाळी "काय गं, कुठली शिफ्ट?" असं विचारायची पद्धत पडली. नाईट म्हटलं की कुणी उपदेश करायचं नाही, जेवायला बोलवायचं आणि बाहेर धाडायचं. फर्स्ट म्हटलं की आई सांगायची, आज कुणाला हो म्हणायचं असंल तर संध्याकाळी मला विचारून म्हण. अर्ध्याअधिक गोष्टी संध्याकाळपर्यंत आपोआप गळून जायच्या. पुढे मॅडमनीच मला एका डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेच्या वेळा, चालणं, गरज पडली तेव्हा औषध, हे सगळं तिथे शिकले आणि त्याचा उपयोग झाला. कुणाला माझ्यासारखं होत असेल तर तव्याऐवजी आधी तिकडे जावं, एवढं मी आवर्जून सांगते. तरी डॉक्टरांना पहिल्या भेटीत मी म्हणाले होते, "सध्या नाईट चालू आहे," आणि त्यांना ते समजावून सांगावं लागलं होतं.

सोमवारी उठले तेव्हा काहीही बदललं नव्हतं. हे लिहायला हवं, कारण हसण्याने सगळं बरं झालं असं वाटेल. गोधडी तिथेच होती. आईने वेणी घातली, तिचे हात तेव्हा स्वच्छ होते. पप्पा सेकंडला होते, ते कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, एवढंच म्हणाले, "हजेरी लाव. काम नाही झालं तरी चालेल," आणि मी आत जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. पॅकिंगच्या बाईला काय निरोप दिला ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. प्राचीने बाकावर जागा धरली होती. पेपरमधले दोनच प्रश्न मला आले. बाकीचा वेळ मी बसून राहिले, उठून गेले नाही. मॅडमनी पेपर घेताना तो चाळला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टर्मला जास्त लिही." म्हणजे टर्मला बसायचं होतं.

बाहेर आलो तर प्राची म्हणाली, चल कॅन्टीनला. मी नको म्हणणार होते. तेवढ्यात तळणाचा वास आला आणि पोटात काहीतरी हललं. ते काय आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. मी एक वडापाव खाल्ला, मग दुसरा मागितला. प्राची अकाउंट्सबद्दल काहीतरी विचारत होती आणि मी तोंड भरलेलं असताना नुसती मान हलवत होते.

संध्याकाळी आई आली, हात धुतले, माझ्यासमोर बसली. पेपर कसा गेला हे तिला विचारायचं होतं, दिसत होतं ते. पण ती म्हणाली, "जेवलीस का काही?"

"दोन," मी म्हणाले. "आणि अजून भूक लागलीय."

आईने परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं, नेहमीपेक्षा जास्त.